कडेवरची पोरं

माझा धाकटा भाऊ लहान मुलांचा डॉक्टर होता आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. या दोघांत मोठं कोण, हा आमच्या घरात कधी वादाचा विषय नव्हताच, कारण वडिलांनी तो आधीच निकालात काढला होता. ते मामलेदार कचेरीत कारकून होते आणि निकाल लागलेलं प्रकरण पुन्हा उघडायचं नाही ही त्यांची जन्माची सवय. दारी कुणी आलं की ते सांगत, "हा आमचा डॉक्टर." मग मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले की म्हणत, "आणि ही शाळेत जाते." तेव्हा मी तिशी ओलांडलेली होते. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, पुण्याला ट्रेनिंग करून आलेली, नंदुरबारसारख्या गावात चार यत्ता दोन बायांच्या बळावर ओढणारी. आणि मी शाळेत जात असे.

भावानं पुण्याला डॉक्टरकी केली, मग मुंबईत दोन वर्षं एका मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली फक्त मुलांचं काम केलं आणि गावात परत येऊन दवाखान्यावर पाटी लावली, 'लहान मुलांचे डॉक्टर'. गाव पोट धरून हसलं. लहान मुलांना वेगळा डॉक्टर लागतो हे कुणी ऐकलंच नव्हतं. बाजारात एक म्हातारा त्याला म्हणाला, "मंग डॉक्टर, म्हतारास्ना गुडघासले दुसरा डॉक्टर येई का?" मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण वर्षभरात कोरीट, रनाळ्याहून बैलगाड्या येऊन त्याच्या दारात सुटायला लागल्या. तापीकाठचे गुजर शेतकरी दमणीतून सुना-नातवंडं घेऊन यायचे आणि जाताना ओट्यावर केळीचा घड ठेवून जायचे. आमच्या माजघरात केळी पिकून काळी पडायची तरी संपायची नाहीत. मला शाळेतून काय मिळायचं? संक्रांतीला तीळ. तेही मुलींनी वाटेत अर्धे खाल्लेले.

तो हुशार होता, हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, आता करते. आमच्याकडे तान्हं मूल तोलत नाहीत, तोललं की नजर लागते. त्याला तर प्रत्येक पोराचं वजन हवं असे. बाया अंगावर येत, "पोऱ्याले जोखानं नही, डॉक्टर!" तर यानं कापसाच्या गाठी तोलायचा एक जुना काटा मिळवून दवाखान्यात बसवला आणि म्हणायला लागला, "पोऱ्याले कोन जोखस? मी तुले जोखस, माय. तूच निरी वाळेल शे." आधी पोरासकट आईला उभं करायचं, मग पोर त्याच्या बायकोच्या, माझ्या भावजयीच्या हातात देऊन नुसत्या आईला. वजाबाकी मनात. बाई खूश की डॉक्टरला आपली काळजी, आणि याच्या वहीत पोराचं वजन. असं गोड अहिराणी बोलायचा की लोणी विरघळावं. मी शाळेत अहिराणी बोलू देत नसे. मुलींनी 'शे' म्हटलं की मी पट्टी आपटत असे. त्यामुळे तो गावचा आणि मी सरकारची, असा लोकांचा समज झाला होता, आणि तो फारसा चुकीचा नव्हता.

रविवारी दुपारी आम्ही सगळे एकत्र जेवत असू आणि दर रविवारी भांडत असू. सुरुवात तोच करी. "ताई, तू सहा महिने घसा फोडतेस तेव्हा एका पोरीला जोडाक्षर येतं. माझ्याकडे पोर निळं पडून येतं आणि तासाभरात रडत जातं. सांग, काम कुणाचं?"

मी म्हणे, "तुझं पोर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा निळं पडून येतंच ना? माझ्या पोरीला आलेलं जोडाक्षर कुठं जात नाही. आणि त्या बायांना पाणी उकळून पाजायचं वाचता आलं असतं, तर तुझा दवाखाना ओस पडला असता."

"म्हणजे माझं पोट अज्ञानावर भरतं?"

"हो. त्यांच्या."

वडील भाकरी मोडता मोडता म्हणत, "तू गप बस. त्याला जेवू दे, त्याला बोलावणं येईल." मला कुणाचं बोलावणं येणार नव्हतं, म्हणून मी गप बसायचं. मला तेव्हा तो भाऊ डोळ्यांसमोर नकोसा होई. त्याचा स्टेथॉस्कोप खुंटीला लटकलेला असे आणि माझी पट्टी कोनाड्यात. त्या घरात वस्तूंनासुद्धा आपली पायरी ठाऊक होती.

त्या वर्षी त्यानं एक मोठा पराक्रम केला. दिवाळीनंतर आमच्या गावात जिनांचा हंगाम सुरू होतो. कपाशीतून सरकी काढायच्या त्या कारखान्यांत निम्म्याहून अधिक बायाच. त्या तान्ही पोरं घेऊन जात आणि जिनाच्या पडवीत पोत्यांवर निजवत. तिथं रुईचं तूस हवेत इतकं उडे की बायांच्या भुवया पांढऱ्या होत. भावाकडे खोकून खोकून बेजार झालेली पोरं यायला लागली, तशी त्यानं जिनांच्या मालकांना गाठलं. त्यांतल्या दोघांची नातवंडं त्याच्याच औषधावर वाढलेली. त्यांनी ताबडतोब फाटकावर पाट्या लावल्या. तान्ही मुलं आत आणायची नाहीत. गावात वाहवा झाली. वडिलांनी चार ठिकाणी सांगितलं. मालकांना तर बरंच झालं, बाया पाजायला उठत त्या आता उठेनाशा झाल्या.

मग ती पोरं कुठं गेली? माझ्या शाळेत.

माझ्या शाळेत हंगामात नेहमीच दोन-चार कडेवरची पोरं असत. आई कामावर गेली की थोरल्या बहिणीनं धाकटं सांभाळायचं ही गावची रीतच. बहीण शाळेत येणार तर भाऊ कडेवर. पण त्या वर्षी तरटावर मुली कमी आणि पोरं जास्त झाली. एक खडू खायचं. एकाला त्याच्या बहिणीनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खांबाला बांधून ठेवलं होतं, ते खांबाभोवती फिरून फिरून स्वतःलाच गुंडाळून घेई आणि बोंब ठोकी. एकानं हिंदुस्थानच्या नकाशावर मुतून ठेवलं, सिलोनपर्यंत. मी गणित सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी रडे, त्याचं ऐकून दुसरं रडे. ज्या मुलींना पोर आणायची लाज वाटे त्या घरीच बसत. हजेरी अर्ध्यावर आली.

यात माझ्या मानापमानापेक्षा मोठी गोष्ट होती, ती सांगितली पाहिजे. आदल्या वर्षी दिपोटीसाहेबांनी, म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं, शेरा मारला होता की उपस्थिती समाधानकारक नाही. म्युनिसिपालिटीतले काही शहाणे तेव्हापासून म्हणत होते की मुलींची तिसरी-चौथी बंद करून टाकू, मुलींना दुसरीपर्यंत पुष्कळ झालं. यंदाचा शेरा वाईट आला असता तर ते झालंच असतं. मग माझ्या तिसरीतल्या पोरी घरी गेल्या असत्या आणि मीही.

म्हणून मी फतवा काढला. कडेवरचं पोर शाळेत आणायचं नाही. आणि मुलगी घरी राहिली तर पटावरून नाव काढीन.

नुसता फतवा काढून थांबले नाही, संध्याकाळी घरोघर फिरले. लोकांना डॉक्टर दारी आला तर कौतुक, बाई दारी आली तर कटकट. एकीनं तर मला बघून आतून कडी लावली. तिसरीत एक नऊ वर्षांची पोरगी होती. तिच्यासारखी मुलगी मला त्याआधी मिळाली नव्हती आणि नंतरही मिळाली नाही. एकदा वाचलेला धडा तिला पाठ होई, आणि पाठ झालेला समजलेलाही असे. बाप मालाच्या गाड्या हाकायचा, महिना महिना बाहेर. घरात आजी नाही, काकू नाही. आई जिनात जायची. आठ महिन्यांचा एक भाऊ, तो या पोरीच्या कडेवर जन्मल्यासारखा असायचा.

मी गेले तेव्हा आई चुलीपुढे होती. मी उभ्या उभ्याच बोलले. तिनं ऐकून घेतलं.

"पोरले मी धाडसू, बाई," ती म्हणाली. "ती हुशार शे, माले बी समजस. पन याले कोन देखी? जिनमा लई जाऊ देतस नही."

"तो तुमचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "सरकारनं शाळा मुलींना शिकवायला काढलीय, पाळणे टांगायला नाही."

तिनं पोराला चुलीपासून मागं ओढलं. मग म्हणाली, "बरं बाई. काहीतरी करसू."

ते काहीतरी म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात शेंबड्या पोराला ते माहीत होतं. अफूची गोळी. बाळगोळी म्हणत तिला. गोळी कसली, चिमटीत धरता येणार नाही एवढी बारीक, ओव्याच्या दाण्याइतकी. आईच्या दुधात किंवा गुळाच्या पाण्यात उगाळून द्यायची, की पोर आईला कामावर जाऊ देतं आणि परत येईपर्यंत झोपतं. मोठमोठ्या घरांतूनही देत. माझ्या आईनं आम्हाला दिली असेल. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही, बस्स.

दुसऱ्या आठवड्यापासून हजेरी भरली. वर्ग शांत. मी शिकवत होते आणि मुली शिकत होत्या, आणि मला वाटलं की ट्रेनिंग कॉलेजात जे स्वप्न दाखवलं होतं ते हेच. मधल्या सुटीत सात-आठ मुली धूम पळत. घरी जाऊन पोर हलवून बघायचं, दोन घोट पाणी पाजायचं, ओलं काढायचं आणि घंटेला परत. ती हुशार पोरगी सगळ्यांत लांबची, तीसुद्धा घंटेच्या आत दारात हजर असे, धापा टाकत. मी तिला उशीर झाला म्हणून कधी रागावले नाही, हे मी तेव्हा स्वतःच्या चांगुलपणात जमा करत होते.

रविवारी भाऊ जेवताना म्हणाला, "यंदा गुंगीत असलेली पोरं फार येताहेत. हाडं-कातडं झालेली, पोट दगडासारखं. एवढी गोळी कधी देत नव्हते."

मी ताकभात कालवत होते.

"एक बाई म्हणाली, 'मास्तरीनबाईनी सांगं.' तू काय सांगितलंस, ताई?"

"तुझा दवाखाना तू बघ," मी म्हटलं. "माझ्या शाळेत नाक खुपसू नकोस. मी तुझ्या बाटल्यांना हात लावते का?"

"पोरींना पोरं आणू दे."

"आणि दिपोटीला काय दाखवू, ओले नकाशे? तुझ्या कामावर शेरा मारायला कुणी येत नाही, म्हणून तुला तोंड आहे."

वडील म्हणाले, "जेवताना नको." पहिल्यांदाच त्यांचं मला पटलं.

दिपोटी यायच्या आदल्या दिवशी मी मुलींना सांगितलं, उद्या एक तास आधी यायचं, आणि साहेब जाईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मधली सुटी नाही. घरी सांगून या. मुलींनी घरी सांगितलं. आज्ञाधारक मुली होत्या, मीच तशा केल्या होत्या.

त्या सकाळी सगळ्या नहाणं करून, तेल चोपडून, ठेवणीतले परकर घालून आल्या. टांगा कोपऱ्यावर दिसला आणि मी ओळी सरळ करत होते, तेवढ्यात ती पोरगी माझ्याजवळ आली. माझ्या पदराला हात लावायची कुणाची छाती नव्हती, तिनं लावला.

"बाई, माले मधमा एकदाव घर जाऊ द्या. लगेच येस."

"नीट बोल," मी म्हटलं.

तिनं पदर सोडला. "बाई, मला मध्ये एकदा घरी जाऊ द्या. आईनं आज मुगाएवढी दिली आहे."

मी समजले. आज सबंध दिवस शाळा, मधली सुटी नाही, म्हणून त्या माउलीनं गोळी मोठी केली होती. शाळेचे तास वाढले तशी तिनं गोळी वाढवली. रोज ओव्याएवढी, आज मुगाएवढी. तिचा हिशेब सरळ होता. मला हे सगळं त्या क्षणी, टांगा थांबायच्या आत, लख्ख कळलं. आणि मला हेही कळलं की वर्गातली एकच मुलगी अशी आहे जिच्यावर शेरा उभा राहील.

"झोपेल तो," मी म्हटलं. "जागेवर जा."

दिपोटीसाहेब स्थूल होते आणि त्यांना उन्हाचा त्रास होत होता. त्यांनी खुर्ची पंख्याच्या शोधात इकडून तिकडे हलवायला लावली, पंखा आमच्याकडे नव्हता. पहिली-दुसरीला त्यांनी झटपट उरकलं आणि तिसरीला येऊन बसले. एक मुलगी अडखळली, दुसरी रडली. मग त्यांनी हिला उभं केलं.

मी आयुष्यात तसं वाचन ऐकलं नाही. एक अक्षर न चुकता, विराम घेऊन. पुढचे प्रश्न ते विचारायच्या आत ही उत्तर देई. तापी कुठं उगम पावते, तोरणमाळ नकाशात दाखव, अडीचकी म्हण. नकाशाकडे ती धावतच गेली. उत्तरं भराभर दिली की साहेब लवकर उठतील आणि आपण सुटू, असं तिच्या मनात असावं. आणि ती भराभर देत होती म्हणूनच साहेब रंगले. दुसऱ्या मुलींना पाच-पाच मिनिटं दिली, हिला बसवेनात. "वा! वा! आणखी एक सांग बरं." चहा आला, फराळाचं आलं, ते खात खात आणखी एक. तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. ती मध्येच माझ्याकडे बघे. मी मान हलवून तिला पुढचं उत्तर द्यायला सांगत होते.

चार वाजून गेल्यावर त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'उपस्थिती व अध्यापन उत्तम. वर्ग चालू ठेवणे योग्य.' शाई वाळायच्या आत ती पोरगी दारातून नाहीशी झाली होती.

मी साहेबांना टांग्यात बसवलं आणि शेरेबुक पदराखाली घेऊन तडक भावाच्या दवाखान्यात गेले. त्याला दाखवायचं होतं. सगळ्यांत आधी त्यालाच दाखवायचं होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते, 'बघ, माझ्या कामावर शेरा मारतात तो असा.'

ओट्यावर ती बसली होती. ठेवणीतला परकर, तेल लावलेली वेणी. कडेवर काही नव्हतं, तरी एक हात तिनं कमरेशी तसाच वाकवून धरला होता. तिनं पोर घरून दवाखान्यापर्यंत पळत आणलं होतं. मी तिला ओलांडून आत गेले.

भाऊ टेबलावर वाकला होता. पोराचं तोंड राखेच्या रंगाचं. पापणी उचलली की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. तो तळव्यांवर टिचक्या मारत होता, छाती दाबत होता, कडक कॉफीचं पाणी नळीनं पोटात घालत होता, तोंडाला तोंड लावून फुंकत होता. पोर एक श्वास घेई आणि पुढचा घ्यायला विसरून जाई. कुणीतरी जिनातून आईला आणलं होतं. ती भिंतीशी उभी, केसांत, पापण्यांवर सगळीकडे रुई. ती रडत नव्हती. तिला बहुतेक अजून वाटत होतं की डॉक्टर आहे म्हणजे होईल. गावात सगळ्यांना तसंच वाटे.

"ताई, बाहेर हो," भाऊ वर न बघता म्हणाला.

मी बाहेर झाले नाही. शेरेबुक हातात धरून तिथंच उभी राहिले. दिवेलागणीला त्यानं हात थांबवले.

गावानं भावाला नावं ठेवली. ज्या बाया त्याला देवमाणूस म्हणत होत्या त्याच आठवडाभर म्हणत होत्या की डॉक्टरनं नळी घातली आणि पोर गेलं. गरज सरो, वैद्य मरो. माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझं नाव त्यात येतं कुठं? म्युनिसिपालिटीच्या वहीत मरणाचं कारण लिहायला कारकून आला, तेव्हा भावानं सांगितलं, "ताप." अफू म्हटलं असतं तर फौजदार त्या आईच्या दारात गेला असता, आणि तिथून माझ्या शाळेत यायला त्याला वेळ लागला नसता. भावानं दोघींना वाचवलं. त्याचा हा उपकार मी जन्मभर त्याला माफ केला नाही.

रविवारी आम्ही जेवायला बसलो. वडिलांना शेऱ्याचं कळलं होतं. ते पहिल्यांदाच म्हणाले, "ऐकलं, उत्तम मिळालं म्हणे."

भावानं ताट सारलं. "मिळणारच. माझ्या हातून पोर गेलं तर गाव मला फाडून खातं. हिच्या हातून गेलं तर हिला उत्तम मिळतं. तेव्हा मी तुला विचारत होतो ना ताई, काम कुणाचं? तुझंच. तुझं काम माझ्यापेक्षा फार सोपं आहे. तुला मेलेलं बघावं लागत नाही."

मी म्हटलं, "आणि जिनाच्या फाटकावर पाट्या कुणी लावायला लावल्या? पोत्यावर निजत होतं ते पोर. खोकलं असतं, पण आई दहा पावलांवर होती. तू आईपासून तोडलंस आणि मी बहिणीपासून. मग त्याला अफूशिवाय कोण राहिलं?"

त्यानं सारलेलं ताट पुन्हा जवळ ओढलं, आणि माझा घाव लागला हे पाहून मला बरं वाटलं. अशा वेळीसुद्धा बरं वाटलं. मी किती वाईट बाई आहे हे मला त्या ताटावर कळलं. वडील म्हणाले, "काय चाललंय हे?" त्यांना कुणी सांगितलं नाही.

सोमवारी भाऊ मालकांकडे गेला. पाट्या काढा, नाहीतर फाटकाबाहेर एक छप्पर घाला, एक म्हातारी ठेवा, मी बघतो. मालक हसले. डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना तूस वाईट? पाट्या राहिल्या. त्याच सोमवारी मी वर्गात सांगितलं की ज्यांना पोर आणायचं त्यांनी आणावं. दुसऱ्या दिवशी एक आणलं, मग तीन, मग बरीच. खडू खाल्ला जाऊ लागला. मी दुसऱ्या बाईला सांगितलं, नकाशा उंच टांगा.

तिसरीतली ती जागा रिकामी होती. पटावरून नाव काढायचा माझा नियम होता. मी काढलं नाही. रोज पुकारत होते आणि रोज कुणी ओ देत नव्हतं. मला वाटे, ती येणार नाही, आणि तिनं येऊ नये. मी वाट बघत होते ती तिच्या आईची. ती येईल, चार लोकांत मला शिव्या देईल, माझ्या झिंज्या धरील. अहिराणीत बाई शिव्या द्यायला लागली की ऐकणाऱ्याचे कान सोलून निघतात. मी तयार होते. मला त्या हव्या होत्या.

पोराचे दिवस झाल्यावर आई आली. सकाळची वेळ, मी हजेरी घेत होते. जिनात जायच्या वाटेवरच आली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. हातात मुलीचा हात. पोरीनं पाटी छातीशी धरली होती.

मी खुर्चीवरून उठले. का उठले कोण जाणे, मी कुणासाठी उठत नसे.

आईनं पोरीला हलकेच पुढं ढकललं आणि अगदी शांतपणे, जणू माझ्याच एखाद्या तक्रारीचं उत्तर घेऊन आल्यासारखं, म्हणाली, "आते हाई रोज येई, बाई. एक दिन बी घर ऱ्हावाव नही. आते घरमा कोनले सांभाळानं शे?"

आणि जिनाचा भोंगा झाला म्हणून ती घाईनं निघून गेली. पोरगी तरटावर आपल्या जागेवर जाऊन बसली. मी पट उघडला, तिचं नाव पुकारलं, आणि ती उभी राहून स्वच्छ शुद्ध मराठीत म्हणाली, "हजर आहे, बाई."